रोट्टी बंद

यंदा हुरडा जरा उशिरा आला. थंडी पडेना, कणसं भरेनात, आणि माझा नवरा मल्लिनाथ रोज संध्याकाळी घरात शिरता शिरता विचारायचा, "आला का गं मैंदर्गीहून फोन?" फोन म्हणजे अप्पांचा, माझ्या सासऱ्यांचा. ते शेतावरच राहतात. ज्वारीचं कणीस हातात धरायचं, दाणा नखानं दाबायचा, आतलं दूध बघायचं आणि मग मुलाला फोन करून एवढंच म्हणायचं, "या." परवा तो फोन आला आणि काल आम्ही जाऊन आलो. आज माझ्या शालीला, केसांना, चष्म्याच्या घरालासुद्धा गोवरीच्या धुराचा वास आहे. शाळेत दुपारचा तास चालू असताना तो मधूनच वर येतो आणि समोरचा वर्ग पुसट होतो. मुलांना वाटतं, बाई पुढचा प्रश्न काढतायत. बाई एका जुन्या हिवाळ्यात असतात.

तो हिवाळा आमच्या घरानं भाकरीवाचून काढला. बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. पण सोलापुरात सकाळ कानानं कळते. आमच्या इमारतीत स्वयंपाकघरं एकावर एक आहेत. अजून नीट उजाडलेलं नसतं तेव्हाच खालून-वरून परातीत भाकरी थापल्याचे आवाज सुरू होतात. कुणाचा हात जड, कुणाचा भरभर, कुणाच्या बांगड्या मधे मधे बोलणाऱ्या. अंथरुणात डोळे मिटून पडलं की वाटतं, झोपलेल्या पोराला थोपटावं तसं सगळ्या इमारतीलाच कुणीतरी थोपटतंय. त्या हिवाळ्यात आमच्या ओट्यावरचा तेवढा आवाज बंद झाला. खालचा येत होता, वरचा येत होता, मधे आम्ही गप्प. पहिले काही दिवस मला जाग यायची आणि आपलं काय चुकलंय तेच कळायचं नाही.

भाकरी बंद झाली ती अव्वासाठी. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. अक्कलकोटकडच्या या मंडळींत आईला अव्वा म्हणतात, वडिलांना अप्पा, आणि घरात बोलतात कानडी. मी सांगोल्याची, शेळ्या, डाळिंबं आणि पाण्याचे टँकर बघत वाढलेली. लग्न होऊन आले तेव्हा मला कानडीतलं फक्त 'ऊटा आयता?' कळायचं, म्हणजे 'जेवण झालं का?' तेवढ्यावर माझं पहिलं वर्ष निभावलं. मी सासूबाईंना रीतीप्रमाणे अहो-जाहो करायला लागले तर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला थांबवलं. "मला तुमी-बिमी म्हनू नको गं. मी काय मास्तरीण हाय का?" तेव्हापासून अव्वा माझ्यासाठी 'तू' आहे. तिची मराठी माझ्या कानडीपेक्षा पुष्कळ बरी, पण तिच्यात स्त्रीलिंग-पुल्लिंग असला भेदभाव नाही. ते चहा, ते भाकरी, ते सून. व्याकरण शिकवून पोट भरणाऱ्या बाईला अशी सासू मिळावी, यात देवाचा काहीतरी हात असणार.

दिवाळी झाल्यावर ती आमच्याकडे आली ती डाव्या पायाला फडकं बांधून. साखरेचा आजार तिला बरीच वर्षं होता. वजन भारी, आणि पायांना मुंग्या येऊन येऊन त्यांची जाणच गेलेली. सुजलेल्या बोटात जोडवं रुतत गेलं ते तिला कळलंच नाही. एक दिवस अप्पांना वास आला, तेव्हा कळलं. सोनाराकडून जोडवं कापून काढलं आणि मल्लिनाथ तिला गाडीत घालून सोलापूरला घेऊन आला. सर्जननी जखम बराच वेळ पाहिली. मग ते म्हणाले, "साखर खाली आली तर हे भरून येईल. नाही आली तर बोट काढावं लागेल. आणि मग बोटावरच थांबेल, असं मी सांगू शकत नाही."

अव्वानं सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "बोट काढल्यावर जोडवं कुटं घालू? अप्पा हायत की अजून."

सर्जन चिठ्ठीवर काहीतरी लिहायला लागले आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले.

त्याच दवाखान्यात काय खायचं, काय नाही ते सांगणारी एक मुलगी होती. इंदूरकडची, नोकरीसाठी इथं आलेली. तिला मराठी समजायची, पण बोलायला ती कचरायची. मी शाळेत होते. अव्वाला मल्लिनाथ घेऊन गेला, आणि नेमका तेव्हाच त्याचा फोन वाजला म्हणून तो बाहेर गेला. आत राहिल्या दोघी. एकीला हिंदी अर्धीमुर्धी कळते, दुसरीला मराठी अर्धीमुर्धी. दोन अर्ध्यांचा एक पूर्ण होतो असं गणितात शिकवतात. भाषेत ते जमत नाही.

अव्वा घरी आली, सोफ्यावर टेकली, पदरानं तोंड पुसलं आणि जाहीर केलं, "रोट्टी बंद."

कानडीत ज्वारीच्या भाकरीला रोट्टी म्हणतात. एवढी कानडी तोवर मला येत होती. "भाकरी बंद?" मी विचारलं.

"एकदम बंद म्हनलं ते पोरगी. भाजी खा, दाळ खा, दही खा, पन्नीर खा. रोट्टी न्हाय."

"पण ज्वारी साखरेला चांगली म्हणतात की सगळे."

"दवाखान्यातल्या मानसाला जास्त कळतंय का तुला?"

तिथं बोलणं संपलं. पण माणूस भाजी कशाशी खाणार? तर चपातीशी. आमच्याकडे चपाती म्हणजे पाहुण्यांची, डब्यातली, आजाऱ्याची. दवाखान्यातही पेशंटच्या ताटात चपातीच असते. तेव्हा हे सगळ्यांना रास्तच वाटलं. मी मऊसूत चपात्या करायचे, वर तूप सोडायचे. अव्वाला चपाती मुळीच आवडत नाही, "चामडं चावल्यासारकं लागतंय" म्हणते. पण काढा प्यावा तशी ती रोज चपाती खायची. घरात तिच्यासमोर भाकरी नको म्हणून आम्ही दोघांनीही सोडली. मल्लिनाथ बाहेर कुठंतरी खाऊन येत असावा. त्याच्या शर्टाला शेंगाचटणीचा वास यायचा, पण मी काही विचारलं नाही.

त्या दिवसांतल्या दुपारी मला अजून जशाच्या तशा आठवतात. मी शाळेतून लवकर आले की अव्वा गॅलरीत बसलेली असायची, पाय उन्हात, बोट पांढऱ्या पट्टीत. समोर रिकामा प्लॉट, त्यात कुणीतरी टाकलेल्या दाण्यांतून ज्वारीची दोन-चार ताटं उगवून आलेली. अव्वा त्यांच्याकडे बघत भाकरीबद्दल बोलायची. दुधनीला तिच्या आईच्या घरी चूल दाराशीच होती. भाकरी तव्यावरून निखाऱ्याला लावली की टम्म फुगायची, आणि आई तिचा वरचा पापुद्रा सोलून त्यात मीठ नि तेल घालून हिच्या हातात द्यायची. संक्रांतीला तीळ लावलेली बाजरीची. प्रवासाला निघताना कडक भाकरी, फडक्यात गुंडाळलेली, कागदासारखी पातळ. मोडली की आवाज व्हायचा आणि रस्त्याच्या कडेचं कुत्रं कान टवकारायचं. शिळी भाकरी ताकात कुस्करून, उन्हाळ्यात. ती हे सांगत असताना तिचा उजवा हात मांडीवर हळूहळू गोल फिरत राहायचा, पिठाच्या गोळ्याशिवाय. तिला ते कळत नसे. ऊन सरकत जायचं, तिचा आवाज बारीक व्हायचा, आणि मला ऐकता ऐकता झोप लागायची. जाग आली की ती अजून तिथंच असायची, दुधनीत.

"सपनात भाकरी थापत हुते गं," ती एकदा सकाळी म्हणाली. "पीठच संपंना."

"चांगलं स्वप्न की."

"कसलं चांगलं. खाया कुनीच न्हवतं."

नाताळच्या सुट्टीत पुन्हा रक्त तपासलं आणि या वेळी मी तिच्याबरोबर गेले. साखर उतरली नव्हती, चढली होती. वजनही वाढलं होतं. जखमेच्या कडा काळवंडल्या होत्या. ती इंदूरची मुलगी आकड्याकडे बघत राहिली. "आजी, रोटी बंद की थी ना?"

"बंद. एक तुकडं बी न्हाय."

"पक्का?"

"देवाची आन."

"तो फिर खाती क्या हैं आप?"

"भाजी, दाळ, दही. भात थोडं. आनि चपाती. सकाळी दोन, रातच्याला दोन."

मुलीनं पेन खाली ठेवलं. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा अव्वाकडे. "आजी... चपाती ही तो रोटी है."

अव्वानं तिच्याकडे फार मायेनं पाहिलं. शाळेत न गेलेल्या पोराला समजवावं तशी ती म्हणाली, "न्हाय बाळ. चपाती चपाती हाय. रोट्टी रोट्टी हाय."

मला हसू फुटलं. आवरेना. तोंडावर पदर धरला तरी आवरेना. ती मुलगीही हसली, अव्वा आमच्याकडे बघून हसली. मग माझी नजर खाली टेबलाखाली गेली, त्या पट्टीकडे. इतके दिवस त्या चपात्या मीच तूप सोडून वाढल्या होत्या.

त्या मुलीनं मग सगळं नीट, हळूहळू, मला आणि तिला दोघींना सांगितलं. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी; धान्य म्हटलं की पोटात जाऊन त्याची साखर होणारच. ज्वारीची जरा सावकाश होते एवढंच. अव्वाच्या शरीराला आता ती साखर पेलवत नाही. म्हणून धान्य मागे सारायचं आणि ताटात भाज्या, डाळीचं थोडं वरण, दही, पनीर, शेंगदाणे, तीळ यांना पुढे आणायचं. अंड्याचं नाव तिनं एकदा काढलं. अव्वानं कानांवर हात ठेवले तसं तिनं तेही मागे घेतलं.

रिक्षानं आसरा चौक ओलांडला. मग अव्वा अचानक म्हणाली, "म्हंजे येवढं दिवस चपातीच्या जागी मी भाकरी खाल्लं असतं, तरी येवढंच झालं असतं?"

"साधारण तेवढंच. कदाचित कमीच."

"मग खायाचं हुतं की गं मी."

आणि ती रडायला लागली. बोट जाणार म्हटल्यावर जिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं ती बाई भररस्त्यात, रिक्षावाल्यादेखत, न खाल्लेल्या भाकऱ्यांसाठी रडत होती. मी तिचा हात धरला. रडू ओसरल्यावर तिनं डोळे पुसले आणि कानडीत स्वतःशीच म्हणाली, "रोट्टी इल्लद ऊटा, ऊटान अल्ल." भाकरीवाचून जेवण म्हणजे जेवणच नव्हे. एवढं मला शिकवल्याशिवाय कळलं.

मी शब्दांवर जगणारी बाई आहे, म्हणून त्या एका शब्दाकडे मी नंतर खूप दिवस बघत राहिले. दोघींनीही खरंच सांगितलं होतं. एका 'टी'ला दुसरा 'ट' जोडला गेला आणि दवाखान्याच्या दारातून घरच्या दारापर्यंत येता येता गव्हाची ज्वारी झाली. जगात किती माणसं अशी एखाद्या चुकीच्या शब्दाचा उपास धरून बसली असतील, असं वाटतं. नको ते सोडलेलं असतं आणि त्रास मात्र खराखुरा होत असतो.

मग खरा हिवाळा सुरू झाला. मी बाजारातून चाकवत आणायचे, मेथी, हरभऱ्याचा पाला, कांद्याची पात, वांगी, पावट्याच्या शेंगा. आमच्याकडे त्या दिवसांत भाजी अशी काही हिरवी मिळते की टोपलीत नुसता हात घालावासा वाटतो. ताट पूर्वीपेक्षा भरलेलं दिसायचं. पण अव्वा जेवायला बसली की तिचा हात आधी ताटाच्या डाव्या कडेला जायचा. तिथं काही नसायचं. बोटं रिकाम्या जागेवर टेकून परत यायची. चमचा दिला तर म्हणाली, "भाजी चमच्यानं खायाचं म्हंजे अंगावर सलाईन लावून घेतल्यागत हाय." शेवटी तिनंच तोड काढली. कोबीचं कोवळं पान घ्यायचं, भाकरीचा तुकडा मोडावा तसं मोडायचं आणि त्यानं भाजी उचलायची. शेंगाचटणीवर तेल घेऊन काकडीच्या फोडीनं टिपायची. हाताला काहीतरी मोडायला मिळालं तसा तो शांत झाला.

पहिले दिवस वाईट गेले. डोकं दुखायचं, पाय ओढायचे, ती सगळ्यांवर करवादायची. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांवरसुद्धा. एका दुपारी तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. साखर फार खाली गेली होती. थोडं गोड तोंडात घालून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या आणि बजावलं, खाणं बदललं की औषध आमच्याकडून बदलून घ्यायचं, मनानं काही करायचं नाही. मग हळूहळू तिला हलकं वाटायला लागलं. मनगटात घट्ट बसलेल्या बांगड्या कोपराकडे घसरायला लागल्या. ब्लाउज ढगळ झाले. मैंदर्गीहून भेटायला आलेल्या बायका दारातच थबकायच्या, "आगं बाई, किती वाळलीस गं," आणि मग माझ्याकडे अशा बघायच्या की जणू मी सासूच्या ताटातलं काढून स्वतः खाते. मला राग यायचा. अव्वा मजेत म्हणायची, "सून लई वंगाळ हाय माझं. रोज दही खायाला घालतंय."

आता या सगळ्याला नाव आलंय. मल्लिनाथची साखर यंदा काठावर आली, तेव्हापासून तो 'लो कार्ब' म्हणतो. फोनवर त्याचा एक गट आहे. त्यात लोक आपापल्या ताटांचे फोटो टाकतात आणि एकमेकांना शाबासकी देतात. काल शेतावरही तो पनीरचा डबा घेऊन आला होता आणि हुरड्यावर बारीकसं भाषण देत होता. अव्वा चुलीशेजारून म्हणाली, "फोनात बघून जेवतंय ते. ताटात बघ की जरा." सगळे हसले. मी त्याला हसले खरी, पण घरी गेल्यावर त्याच्या पायांची बोटं एकदा उजेडात नीट बघायची, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्या वर्षी येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आम्ही अव्वाला शेतावर घेऊन गेलो. त्या दिवशी शेतात जेवायचं, ओळखीच्या सगळ्यांना बोलवायचं, आणि जेवणाआधी चारी बाजूंनी पिकात अन्न टाकून मातीला जेवू घालायचं, अशी रीत. अव्वानं त्या इंदूरच्या मुलीलाही बोलावलं होतं. बोलावण्याचं कारण असं झालं की अव्वानं तिला विचारलं, "हुरडा चालतंय का?" आणि मुलगी म्हणाली, "वो क्या होता है?" अव्वाला ते सहनच झालं नाही.

सकाळ धुक्याची होती. ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेलेली, पानांवर दव, आणि ऊन वर आलं तशी सगळ्या रानभर बारीक वाफ उठत होती. अप्पांनी गोवऱ्यांचा विस्तव करून ठेवला होता. अव्वाला बोरीच्या झाडाखाली बाजेवर बसवलं, पाय उशीवर. भाकऱ्या, वाफवलेल्या पिठाचे उंडे, आंबील, भज्जी सगळं मांडलेलं. आमच्याकडची भज्जी म्हणजे तळलेली नव्हे; पाला, शेंगा, हिरवे दाणे ताकातल्या बेसनात शिजवलेले. मुलीनं ती चाखली, काय काय घातलंय ते विचारलं आणि अव्वाला म्हणाली, "आजी, ये तो आप पेट भरके खा सकती हैं." अव्वानं अभिमानानं माझ्याकडे पाहिलं.

मग कणसं भाजली. अप्पा विस्तवातून काढायचे आणि अव्वा तळहातावर घेऊन चोळायची. दाणे सुटायचे, ती फुंकर घालायची, आणि पांढरी कुसं उन्हात उडायची. हिरवे, गरम, धुरकट दाणे. तिनं पहिली मूठ त्या मुलीच्या हातात दिली. मुलगी डोळे मिटून चावत राहिली, बराच वेळ.

"आता सांग," अव्वा म्हणाली. "हे बंद म्हंतीस?"

मुलीनं डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. धुरानं असतील. ती पहिल्यांदाच मराठीत बोलली. "एक मूठ खा आजी. दह्याबरोबर. एकच."

अव्वानं एक मूठ चोळली. चांगली निवडून, फुंकून, हातात धरून बसली. तिची बोटं दाण्यांभोवती मिटली होती आणि आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. मग ती म्हणाली, "बोट राहू दे आदी. मग बघू." आणि अप्पांच्या हातात ती मूठ देऊन म्हणाली, "माझ्या वाट्याचं रानाला टाका."

अप्पा फार बोलत नाहीत. ते मूठ घेऊन पिकाच्या कडेला गेले, दाणे टाकले आणि परत येऊन तिच्याजवळ खाली बसले. "हुरडा दरसाल येतंय," ते म्हणाले. "तू यायाला पायजे." अव्वानं त्यांच्याकडे न बघता पुढचं कणीस मागितलं. संध्याकाळपर्यंत ती चोळत राहिली, सगळ्यांसाठी. परतताना गाडीत तिचे तळहात माझ्या मांडीवर होते, हिरवे, काळे, भाजलेले, आणि गाडीभर तो वास. ती झोपली होती. मला त्या रस्त्यावर वाटत राहिलं की हे बोट वाचलं नाही तर मी कुणाशी भांडू.

संक्रांत गेली. ड्रेसिंग करणारी बाई रोज पट्टी सोडायची आणि मी तिच्या तोंडाकडे बघायचे. जखमेकडे बघायचा धीर व्हायचा नाही. एके दिवशी तीच म्हणाली, "बघा तरी." मी पाहिलं. काळ्या कडांच्या आत गुलाबी, ओलसर, तान्ह्या पोराच्या ओठांसारखं काहीतरी उगवत होतं. अव्वाला वाकून दिसत नव्हतं म्हणून मी फोनवर फोटो काढून दाखवला. ती फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत बसली. "हे माझं हाय?" तिनं विचारलं. त्यानंतर तपासलेली साखर उतरलेली निघाली. पुढची आणखी.

रानात ज्वारी काढायला आली, थंडी सरली, आणि तेव्हा सर्जननी शेवटची पट्टी सोडली. बोट आखडलेलं होतं, नख गेलेलं, पण होतं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी दाबून पाहिलं. "राहिलं, आजी," ते म्हणाले. "आता जपा." अव्वानं त्यांना हात जोडले, मग वाकता येईल तेवढं वाकून स्वतःच्या पायालाही जोडले. खालच्या मजल्यावर ती इंदूरची मुलगी वाट बघत होती. तिनं अव्वाला मिठीच मारली आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "आज से पाव भाकरी. दिवसातून एकदा. नंतर तपासून बघू." भाकरी हा शब्द तिनं फार जपून उच्चारला, एकही अक्षर इकडचं तिकडं होऊ न देता.

अप्पांनी नव्या ज्वारीचं पीठ पाठवलं होतं. त्या संध्याकाळी मी परात खाली घेतली. इतक्या दिवसांनी हात बावरले होते. पहिली भाकरी चिरली, दुसरी चांगली उतरली. फुगली. मी तिची पाव मोडून अव्वाच्या ताटात ठेवली, बाजूला वांगं, चटणी, दही. मल्लिनाथ आणि मी आमची ताटं न वाढता बसलो. अव्वानं तुकड्याला हात लावला, नमस्कार केला आणि नुसताच, काही न लावता, एक घास मोडून तोंडात टाकला. चावता चावता ती थांबली. कपाळाला आठी पडली. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"यात साकर घातलीस का गं?"

"नाही. नुसतं पीठ आणि पाणी."

"खरं सांग."

"तुझ्या गळ्याची शपथ अव्वा. मीठसुद्धा नाही."

तिनं पुन्हा एक घास घेतला. अगदी लहान. जिभेवर ठेवून बसली. खालच्या मजल्यावर कुणीतरी भाकऱ्या थापत होतं, खिडकीतून तव्याचा वास येत होता आणि अव्वाचा चेहरा हळूहळू असा सैल होत गेला की मला ती कुणाची तरी लहान मुलगी वाटली.

"गोड हाय की गं हे," ती म्हणाली. "येवढं गोड असतंय व्हय? जन्मभर खाल्लं, आनि आज कळालं."

मग तिनं वांग्याला हात लावला नाही, चटणीला नाही. ती पाव भाकरी तिनं कोरडीच खाल्ली, एक एक घास मोडून, आणि ती संपेपर्यंत आमच्यापैकी कुणीही जागचं उठलं नाही.